ऊस तुटायला लागला की: बिबट्याच्या टापूत गोठा, फड आणि वस्ती कशी सांभाळायची

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, निफाड या पट्ट्यात अजूनही लोक म्हणतात, ‘बिबट्या डोंगरातून खाली आला.’ तो आलेला नसतो, तो इथलाच असतो. कालव्यांना पाणी आलं, पाठोपाठ ऊस आला, आणि ऊस म्हणजे बिबट्यासाठी बारमाही आडोसा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत दाट सावली, पाटाचं पाणी आणि माणसाची वर्दळ जवळजवळ नाही. मादी तिथेच विते आणि पिल्लं तिथेच वाढतात. त्यांनी जंगल कधी पाहिलेलंच नसतं.

गाळप हंगाम सुरू झाला की हेच घर सरी-सरीने कापलं जातं. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात बिबट्या एका फडातून दुसऱ्या फडात, ओढ्यात, खोडव्यात (तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) जागा शोधत फिरतो, आणि माणसाच्या समोर येण्याचं प्रमाण तेव्हाच वाढतं. म्हणून खबरदारीचं वेळापत्रक आपल्या सोयीने न आखता उसाच्या तोडीवर बसवा. दिवाळीआधी गोठ्याची डागडुजी, तोडीआधी फडाची पाहणी, तोड झाल्यावर पंधरा दिवस जास्त सावधगिरी.

आधी तो काय खातो ते पाहा

अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला आहे. त्याच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि वस्तीतल्या प्राण्यांचा निघाला. त्यात कुत्री ३९ टक्के होती आणि शेळ्या फक्त ११ टक्के. तालुक्यात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, तरीही हे प्रमाण. शेळी त्याला आवडत नाही असं नाही. शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं मोकळं फिरतं, म्हणून हा फरक पडतो. कोंडणं किती कामाचं आहे हे या आकड्यांतच दिसतं. पुढचं बरंचसं त्या कोंडण्याबद्दलच आहे.

शेळ्यांचा गोठा

मोठ्या शेळीला साधारण १० चौरस फूट जागा धरा, म्हणजे दहा शेळ्यांना १० बाय १० फुटांचा गोठा पुरतो. पाया दीड फूट खोल घ्या. त्यावर तीन फूट विटांची किंवा दगडाची भिंत बांधा. भिंतीवर लोखंडी अँगल चार-पाच फुटांवर रोवून दोन इंची चेनलिंक जाळी ताणा. तार १० गेजची घ्या, कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक तार चालत नाही. एकूण उंची सात-आठ फूट ठेवा आणि वरून पत्रा किंवा तीच जाळी टाका.

तळाची भिंत का, असं बरेच जण विचारतात, कारण खालपासून जाळी लावली तर खर्च कमी येतो. भिंतीची दोन कारणं आहेत. शेळ्या रात्री कडेला टेकून बसतात, आणि जाळीतून पंजा आत घालून बिबट्या बाहेरूनच कान, पाय ओढतो. शेळी आतल्या आतच मरते. दुसरं, मूत आणि लेंड्यांनी जाळीचा तळ दोन-तीन पावसाळ्यांत सडतो. वरून ती धडधाकट दिसते आणि खालून हाताने उचलता येते. नेमकी तिथूनच तो शिरतो.

गोठे कुठे फसतात ते ठरलेलं आहे:

- वरून उघडा गोठा. सहा फुटांची भिंत बिबट्याला अडवत नाही. तो चढतो आणि उडीही मारतो. छप्पर नसलेली भिंत म्हणजे आत शिरायला मोकळी वाट.
- भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हवेसाठी ठेवलेली फट. हवा हवी असेल तर तिथे जाळी मारा. जिथून डोकं जातं तिथून अंगही जातं, हे मांजराच्या जातीला सगळीकडे लागू आहे. चार इंचांपेक्षा मोठी फट कुठेही नको, दाराखालीही नको.
- खिळ्यांवर ठोकलेला पत्रा. वाऱ्याने खिळे सैल होतात आणि पत्र्याचा कोपरा उचलला जातो. जे-हुकने पाइपाला आवळा.
- दोरीने बांधलेलं दार. बाहेरून ढकललं की ते वाकतं. आडवी कडी वर आणि खाली अशी दोन ठिकाणी लावा.
- हिरवी शेडनेट. ती ऊन अडवते. बिबट्या तिच्यातून पडदा सारावा तसा आत येतो.

कच्चा गोठा हा गोठा नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. उघड्यावर बिबट्या एक शेळी धरून निघून जातो. बंद जागेत शिरला तर घाबरलेल्या शेळ्या त्याच्याभोवती धावत राहतात, पळणारं जनावर दिसलं की चावा घेण्याची त्याची उपजत प्रवृत्ती पुन्हा पुन्हा जागी होते, आणि सकाळी आठ-दहा शेळ्या मेलेल्या मिळतात. खाल्लेली त्यातली एखादीच असते. लोक याला सूड किंवा माज म्हणतात. तसं काही नसतं. गोठा अर्धवट बंद होता एवढाच त्याचा अर्थ.

गायी-म्हशींना एवढी तटबंदी लागत नाही. पूर्ण वाढलेल्या म्हशीच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. वासरं आणि रेडकं मात्र दावणीच्या टोकाला बांधू नका. भिंतीकडच्या बाजूला, मोठ्या जनावरांच्या मध्ये बांधा. मेंढपाळांची वाघर, म्हणजे कळपाभोवती लावायची दोरीची जाळी, मेंढ्या आत ठेवते, बिबट्याला बाहेर ठेवत नाही. तिथे राखण करतात ती कुत्री आणि जागा माणूस.

दिव्यांबद्दल थोडक्यात. गोठ्यावरचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो. त्याने बिबट्या थांबेल असं धरून चालू नका. लुकलुकणारे सौरदिवे काही दिवस उपयोगी पडतात, मग त्याला त्यांची सवय होते. लावलेच तर आठ-दहा दिवसांनी जागा आणि उंची बदलत राहा.

कुत्रं, उकिरडा आणि पोल्ट्री

अंगणात साखळीने बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते आमिष ठरतं. त्याला पळता येत नाही, आणि भुंकून ते स्वतःची जागा सांगतं. रात्री त्याला पडवीच्या आत किंवा जाळीच्या खुराड्यात घ्या. एवढं एक काम केलं तरी घराजवळच्या फेऱ्या कमी होतात. तेच कुत्रं आतून भुंकलं तर राखणही होते. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालण्याची मेंढपाळांची जुनी पद्धत चांगली आहे, कारण बिबट्या मान धरतो. पण पट्टा म्हणजे गोठा नव्हे.

मोकाट कुत्री जमतात ती कचऱ्यावर. चिकनच्या दुकानांची घाण ओढ्यात पडते, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या बांधाच्या पलीकडे फेकल्या जातात, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मेलेल्या कोंबड्यांसाठी निदान चार फूट खोल खड्डा घ्या, प्रत्येक थरावर चुना टाका आणि वर दोन फूट माती दाबा. उथळ खड्डा कुत्री त्याच रात्री उकरतात. हे एका शेतकऱ्याने करून भागत नाही. ओढा सगळ्यांचा असतो, आणि या कामासाठी ग्रामसभेत भांडावं लागलं तरी भांडावं.

रात्री दारं धरायला जाताना

शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की पाणी भरायला जावंच लागतं. दोघांनी जा. डोक्याला लावायची बॅटरी घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि मान वळेल तिकडे उजेड पडतो. मोबाइलवर गाणी किंवा भजन मोठ्याने लावा, किंवा बोलत राहा. माणूस येतोय हे कळलं की बिबट्या स्वतःच बाजूला होतो. धोका असतो तो एकमेकांना अचानक सामोरं जाण्यात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसू नका. उभा माणूस बिबट्याला भक्ष्य वाटत नाही. वाकलेल्या, उकिडव्या बसलेल्या माणसाची उंची शेळी-कुत्र्याएवढी होते आणि मान त्याच्या तोंडाच्या पातळीला येते. गवत कापणारी बाई, शौचाला बसलेला माणूस आणि लहान मूल यांना धोका जास्त असतो तो याच कारणाने. पाण्याचं दार मोडताना वाकावं लागलं तर पाठ उसाकडे करू नका आणि दुसऱ्याने उभं राहून बॅटरी उसावर धरावी. घराजवळचा संडास ही या भागात जीव वाचवणारी गोष्ट आहे. संडासापर्यंत दिवा आणि मोकळी वाट ठेवा.

मुलांना दिवेलागणीनंतर एकटं अंगणात सोडू नका. अंधार पडताना आणि पहाटे बिबट्याची हालचाल जास्त असते. घराच्या भिंतीपासून उसाची पहिली सरी निदान ३० फूट लांब हवी. तेवढ्या पट्ट्यात ऊस, मका किंवा नेपिअर गवत घेऊ नका. मेथी, कोथिंबीर, कांदा असं गुडघ्याखालचं पीक घ्या.

फड तोडण्याची पद्धत

तोडीच्या आदल्या दिवशी दुपारी फडाभोवती एक फेरी मारा. बांधावरच्या ओल्या मातीत आणि पाटाच्या कडेला ठसे पाहा. बिबट्याचा ठसा गोलसर, साधारण तीन इंच रुंद असतो आणि त्यात नखं उमटत नाहीत, कारण चालताना तो नखं आत घेतो. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं दिसतात, आणि तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. ठसा मिळाला तर टोळीच्या मुकादमाला सांगा. लपवू नका. टोळी काम सोडून जाईल या भीतीने ही गोष्ट दडवली जाते आणि सकाळी कोयता घेतलेली बाई सरळ पिल्लांवर जाऊन उभी राहते.

तोड एका बाजूने सुरू करा. वस्तीकडून किंवा रस्त्याकडून आत जा, आणि शेवटचा पट्टा ओढ्याला किंवा शेजारच्या उभ्या उसाला लागून राहील असा ठेवा. म्हणजे जनावराला मागच्या मागे निसटायला वाट मिळते. चारही बाजूंनी तोडत मध्ये बेट उरवणं ही सर्रास होणारी चूक आहे. संध्याकाळपर्यंत त्या बेटात अडकलेली मादी शेवटी माणसांच्या अंगावरूनच बाहेर पडते. सकाळी काम सुरू करण्याआधी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवा किंवा पत्रा बडवा, आणि दहा मिनिटं थांबून मग आत जा.

फड पेटवून तोडू नका. पाचट जाळून तोड सोपी होते हे खरं. पण आठवडाभराच्या पिल्लांचे डोळेही नीट उघडलेले नसतात, त्यांना पळता येत नाही, आणि ती तिथेच होरपळतात.

पिल्लं सापडली तर

काम थांबवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि वन विभागाला १९२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा. पिल्लांना हात लावू नका, दूध पाजू नका, आणि फोटोसाठी मांडीवर तर मुळीच घेऊ नका. ती पोरकी नसतात. आई भक्ष्यासाठी गेलेली असते किंवा माणसांचा आवाज ऐकून शेजारच्या सरीत दबून बसलेली असते. पहिले काही आठवडे ती पिल्लांना वरचेवर तोंडात धरून एका जागेवरून दुसरीकडे हलवते, त्यामुळे एकच पिल्लू दिसलं तर बाकीची आसपास असू शकतात.

आधी पिल्लं कोणाची ते पाहा. उसात सापडणारी बरीच पिल्लं रानमांजराची किंवा वाघाटीची असतात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर गर्द, जवळजवळ बसलेले ठिपके असतात, पंजे अंगाच्या मानाने मोठे आणि शेपूट लांब असते. रानमांजराची पिल्लं मातकट रंगाची, अंगावर पुसट पट्टे, शेपूट आखूड. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. तिचं पिल्लू मुठीत मावेल एवढं असतं आणि त्याच्या कपाळावर फिकट रेघा दिसतात. तिन्ही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं (१९७२) संरक्षण आहे, आणि तिन्हींची पिल्लं आईकडेच परत जायला हवीत.

वन विभाग आणि पशुवैद्यक पिल्लं ताब्यात घेऊन तपासतात: वजन, नर की मादी, जखम, गोचीड, अंगातलं पाणी कमी झालंय का. मग संध्याकाळी त्याच शेतात, शक्यतो सापडली त्याच जागी, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये किंवा खोक्यात ठेवतात. भोवती आपोआप फोटो घेणारे कॅमेरे लावतात आणि माणसं लांब जातात. रात्रीतून मादी येते, वास घेते आणि एकेक पिल्लू उचलून नेते. जुन्नर भागात ही पद्धत वर्षानुवर्षं वापरली जाते आहे.

शेतकऱ्याचा वाटा इथे मोठा आहे, आणि फसतं तेही इथेच. जागा बदलू नका. ऊस तुटून गेला असेल तर निदान ती चार-पाच सऱ्यांची पट्टी रात्रीपुरती उभी ठेवा. बांधावर मोटरसायकली आणि बॅटऱ्या घेऊन बघे उभे राहिले तर मादी जवळ येत नाही. गर्दी पांगवणं हे गावाने करायचं काम आहे, दोन वनरक्षकांना ते झेपत नाही. एक पिल्लू गेलं म्हणून क्रेट उचलू नका. मादी एका वेळी एकच नेते आणि दुसरं न्यायला तासा-दोन तासांनी येते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात, दिवसा पिल्लांची देखभाल पशुवैद्यक करतात. हा सगळा खटाटोप पिल्लांच्या प्रेमापोटीच करायचा असंही नाही. पिल्लं हरवलेली मादी त्याच फडाभोवती रात्री-रात्री घिरट्या घालते, आणि त्या काळात ती नेहमीसारखी माणसाला वाट देत नाही.

तोडणी टोळीची कोपी

सगळ्यात उघड्यावर राहतात ते ऊसतोड कामगार, आणि त्यांना जागा मिळते ती बहुधा उभ्या उसाला खेटून. कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या उसापासून निदान १५० फूट लांब उभारू द्या. गोलाकार मांडा, दारं आतल्या बाजूला. मुलं कोपीच्या मध्यभागी झोपवा, दाराशी नाही. बैलांच्या पुढ्यातले वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आणि पाचट कोप्यांच्या मागे रचू नका, तो आडोसा होतो. पहाटे चारला आई-बाप फडात गेल्यावर मुलांजवळ मागे कोण राहणार, हे मुकादमाने आदल्या रात्री ठरवलेलं असावं. शेतमालकाने एक दिवा आणि तात्पुरता संडास दिला तर फार खर्च होत नाही.

विहीर

कठडा नसलेल्या विहिरीत पाठलाग करताना बिबट्या पडतो. तीन-साडेतीन फुटांचा कठडा बांधा. पडलेला दिसलाच तर लाकडी ओंडका किंवा उलटी बाज चारही कोपऱ्यांना दोर बांधून पाण्यावर सोडा, म्हणजे पिंजरा येईपर्यंत तो टेकून राहील. शिडी मात्र गर्दी हटल्याशिवाय सोडू नका. तो वर येईल तेव्हा समोर कोणी नसावं.

जनावर मारलं गेलं तर

मेलेलं जनावर हलवू नका आणि पुरू नका. ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवा, कारण भरपाई पंचनाम्यावर मिळते आणि पंचनाम्याला जागेवरचा पुरावा लागतो. फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा पट्टी ठेवा, म्हणजे माप कळतं. बिबट्या गळा धरतो. गळ्याखाली सुळ्यांची खोल, ठळक छिद्रं दिसतात आणि बाकी अंग बरंचसं शाबूत असतं. ओढत नेल्याची खूणही सापडते. कुत्र्यांनी मारलेल्या शेळीचे मागचे पाय, शेपूट आणि कूस फाटलेली असते, चावे जागोजागी आणि वेडेवाकडे असतात. हा फरक आपल्याला माहीत असेल तर पंचनाम्याच्या वेळी वाद होत नाही.

मेलेल्या जनावरात विष घालणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात गावातली कुत्री, तरस, कोल्हे आणि कावळे मरतात. बिबट्या बहुतेक वेळा वाचतो.

पिंजरा लावा, ही मागणी

शेळी गेली की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, त्या काळात ते १७ वर गेले. कारण समजण्यासारखं आहे. पकडलेला बिबट्या त्या टापूचा, माणसांना सरावलेला, ठरलेल्या वाटांनी फिरणारा होता. त्याची जागा रिकामी झाली की नवा, बहुधा तरुण बिबट्या येतो, ज्याला इथल्या वाटा माहीत नसतात. आणि ज्याला लांब सोडलं तो अनोळखी मुलखात बिथरतो किंवा परत निघतो. माणसांवर वारंवार हल्ले करणारा ठराविक प्राणी पकडावाच लागतो, त्याबद्दल दुमत नाही. पण एका शेळीसाठी पिंजरा लावून घेतला तर गोठा तसाच उघडा राहतो आणि पुढचा बिबट्या त्याच फटीतून येतो.

समोर आला किंवा घरात शिरला तर

पळू नका, पाठ फिरवू नका. उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, जोरात बोला आणि हळूहळू मागे सरका. मूल बरोबर असेल तर न वाकता त्याला मागे घ्या किंवा उचला. बिबट्याला निघायची वाट मोकळी ठेवा. घरात किंवा गोठ्यात शिरला तर माणसं बाहेर काढून बाहेरून कडी लावा आणि बघ्यांना दूर करा. बेशुद्धीचं इंजेक्शन लागल्यावरही औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं जातात. त्या वेळात तो पिसाळून धावतो, आणि माणसं जखमी होतात ती बहुधा याच गर्दीत.

चावा किंवा ओरखडा कितीही लहान असला तरी वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू लावू नका, जखम घट्ट बांधू नका. रक्त धार लागून वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि तसंच रुग्णालय गाठा. तिथे रेबीजची लस, जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन या तिन्हींबद्दल विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात इम्युनोग्लोब्युलिन नसेल तर लसीचा पहिला डोस तिथेच घेऊन पुढे ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा. केसपेपर आणि बिलं जपून ठेवा, जखमीच्या भरपाईच्या अर्जाला ती लागतात.